किती केले म्हणजे पुरे?

एर्फुर्टच्या ऑगस्टिनी मठातला मार्टिन ल्यूथर नावाचा तरुण साधू पापनिवेदनाला बसला की लवकर उठत नसे. कधीकधी सहा-सहा तास तो आपली पापे आठवून आठवून सांगायचा. त्याचे वरिष्ठ योहान फोन स्टाउपिट्झ मोठे समंजस गृहस्थ होते, पण तेही थकून जात. असल्या बारीकसारीक गोष्टींना पाप म्हणू नकोस, असे त्यांनी त्याला बजावलेसुद्धा.

ल्यूथरची अडचण मात्र बारीक नव्हती. सांगितलेल्या पापांची क्षमा होते, पण जी आठवलीच नाहीत त्यांचे काय? आणि जी आठवली, त्यांचे दुःख देवावरच्या प्रेमापोटी झाले की नरकाच्या भीतीपोटी? भीतीपोटी झाले असेल, तर तो पश्चात्ताप नव्हेच. तो स्वतःचा जीव वाचवण्याचा आणखी एक प्रयत्न. उपास, जागरणे, थंडीत पांघरुणावाचून काढलेल्या रात्री, यांपैकी काही त्याने बाकी ठेवले नव्हते. मठातल्या कष्टांनी कोणाला स्वर्ग मिळाला असता तर तो आपल्याला मिळाला असता, असे तो पुढे म्हणत असे. २ जुलै १५०५ रोजी श्टोटरनहाइम गावाजवळ विजेच्या कडकडाटात सापडला असताना त्याने संत अ‍ॅनाला साधू होण्याचा नवस बोलला होता आणि वडिलांचा विरोध पत्करून पंधरवड्यात मठ गाठला होता. ज्या भीतीने तो मठात आला, ती भीती मठात येऊन वाढली.

असे का व्हावे? त्या काळचे चर्च माणसाला सरळसरळ पुण्य विकत घ्यायला सांगत होते, असे आपण शाळेत शिकतो. ते अर्धेच खरे आहे. ल्यूथर ज्या परंपरेत शिकला, त्या गाब्रिएल बील यांच्या परंपरेतले धर्मशास्त्र वरवर पाहता फार दयाळू होते. देवाची कृपा आपल्या कमाईची नाही, हे तिलाही मान्य होते. तिचे म्हणणे एवढेच, की जो आपल्या परीने होईल तेवढे करतो, त्याला देव कृपा नाकारत नाही. ऐकायला किती सोपे! पण सगळी मेख ‘आपल्या परीने’ या दोन शब्दांत आहे. मी आज माझ्या परीने सगळे केले का? आणखी एक तास प्रार्थना झाली नसती का? बेफिकीर माणसाला या प्रश्नाचा त्रास होत नाही. मनापासून देवाला शोधणारा माणूस मात्र त्यात रुतत जातो, कारण ‘पुरे झाले’ असे सांगणारा कोणी नसतो.

१५१०-११ च्या हिवाळ्यात मठाच्या कामासाठी ल्यूथर रोमला गेला. तिथल्या ‘पवित्र जिन्या’च्या २८ पायऱ्या भाविक गुडघ्यांवर चढतात. आजोबांच्या आत्म्याची शुद्धिस्थानातून, म्हणजे मेल्यावर पापांची शिक्षा भोगायच्या जागेतून, सुटका व्हावी म्हणून तोही प्रत्येक पायरीवर प्रभूची प्रार्थना म्हणत चढला. वर पोचल्यावर मनात आले ते एवढेच: हे खरे असेल कशावरून?

पुढे तो विटेनबर्गला आला आणि १५१२ मध्ये तिथल्या विद्यापीठात बायबलचा प्राध्यापक झाला. त्या गावच्या राजवाड्यातील चर्चमध्ये सॅक्सनीचा शासक (इलेक्टर) फ्रेडरिक याने संतांचे आणि ख्रिस्तकथेतले अवशेष जमवले होते. काटेरी मुकुटाचा काटा, गव्हाणीतली काडी असे करता करता १५२० पर्यंत हा संग्रह १९,०००च्या घरात गेला. ठरल्या दिवशी त्यांचे दर्शन घेऊन दान करणाऱ्याची शुद्धिस्थानातली शिक्षा माफ होई आणि या माफीची बेरीज १९ लाख वर्षांवर जाई. हे आकडे मला हास्यास्पद वाटत नाहीत. मेलेल्या आईसाठी आपण काहीतरी करावे, ही तळमळ त्यांच्यामागे आहे आणि त्या तळमळीवर कोणीतरी आपले दुकान मांडले आहे.

दुकान तर उघडच मांडले गेले. माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्ट याने हे पद मिळवण्यासाठी फुग्गर सावकारांकडून मोठे कर्ज काढले होते. ते फेडण्यासाठी आणि रोममधल्या सेंट पीटर्सच्या बांधकामासाठी दंडमाफीची पत्रे विकली गेली, मिळकत निम्मी-निम्मी. ऐपतीप्रमाणे दर ठरलेले होते. राजे आणि बिशप यांना किमान २५ सोन्याचे गुल्डन, कारागिराला १, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याने उपास व प्रार्थना कराव्यात. योहान टेट्झेल हा प्रचारक गावोगाव फिरून हे काम करी. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ल्यूथरने आल्ब्रेख्टला पत्र लिहिले आणि सोबत या विक्रीला आव्हान देणारी आपली ९५ विधाने जोडली. युरोपात मोठा गदारोळ झाला तो तिथून. पण आपल्या विषयाचे मूळ त्या विधानांत नाही. ते त्याच्या अभ्यासिकेत, ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात आहे.

त्या अध्यायात पौल म्हणतो की शुभवर्तमानात देवाचे नीतिमत्त्व प्रकट होते. ल्यूथरला या वाक्याचा अक्षरशः द्वेष वाटायचा. तसे त्याने १५४५ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी लिहून ठेवले आहे. देव नीतिमान म्हणजे न्यायी, आणि न्यायी म्हणजे पाप्याला शिक्षा देणारा, असा त्याचा समज होता. नियमशास्त्राने आधीच धाक घातलेला, त्यात शुभवर्तमानानेही तोच धाक घालावा? रात्रंदिवस तो या वाक्याशी झटत राहिला. मग त्याचे लक्ष वाक्याच्या पुढच्या भागाकडे गेले, जिथे पौल हबक्कूक संदेष्ट्याचा हवाला देऊन नीतिमानाचे जगणे विश्वासाशी जोडतो. आणि अर्थच उलटा झाला. हे नीतिमत्त्व देव मागत नाही, देतो. ज्याच्या जोरावर देव शिक्षा करतो असे ल्यूथरला वाटत होते, ते तो पाप्याच्या अंगावर वस्त्रासारखे घालतो. आपल्यासाठी जणू स्वर्गाचे दरवाजे उघडले, असे त्याला वाटले. हे नेमके कधी घडले यावर अभ्यासक अजून वाद घालतात. १५१३ ते १५१९ मधली निरनिराळी वर्षे सुचवली जातात.

मराठी ख्रिस्ती मंडळी याला ‘विश्वासाने नीतिमान ठरणे’ म्हणतात. चित्र न्यायालयाचे आहे. आरोपी दोषी आहे, आणि आपण दोषी आहोत हे त्याला स्वतःला माहीत आहे. तरी न्यायाधीश त्याला नीतिमान ठरवतो, कारण त्याची शिक्षा ख्रिस्ताने वधस्तंभावर भोगली आणि ख्रिस्ताचे नीतिमत्त्व त्याच्या नावे जमा झाले. यावर पहिला आक्षेप तेव्हाही हाच होता, की ही तर कागदोपत्री केलेली धूळफेक झाली; माणूस आहे तसाच राहिला. ल्यूथरने १५२० मध्ये ‘ख्रिस्ती माणसाचे स्वातंत्र्य’ या पुस्तिकेत याला लग्नाचे उदाहरण दिले. लग्न झाले की वधूची कर्जे वराची होतात आणि वराची दौलत वधूची. विश्वासाने जीव ख्रिस्ताशी असा जोडला जातो, आणि मग पाप त्याच्याकडे व नीतिमत्त्व आपल्याकडे येते. ही देवाणघेवाण कागदावर नाही, नात्यात होते. म्हणूनच ल्यूथरच्या मते विश्वासणारा एकाच वेळी नीतिमानही असतो आणि पापीही. स्वतःकडे पाहिले तर पापी, ख्रिस्ताकडे पाहिले तर नीतिमान.

मग विश्वास ठेवणे हेही एक कर्मच झाले की, असे कोणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे, आणि बऱ्याच प्रवचनांत तो तसाच सोडून दिला जातो. ‘मी किती घट्ट विश्वास ठेवतो’ हे जोखत बसलो, तर एर्फुर्टचा जुना हिशेबच नव्या वहीत सुरू होतो. ल्यूथरचे आणि त्याचा सहकारी फिलिप मेलांख्थोन याचे म्हणणे असे, की विश्वासात माहिती असते, संमती असते, पण त्याचा गाभा भरवसा आहे, आणि भरवशाचे बळ भरवसा ठेवणाऱ्यात नसते. ज्याच्यावर तो ठेवला त्याच्यात असते. कमकुवत विश्वासालाही पूर्ण ख्रिस्त मिळतो.

पण पौलापुढे ल्यूथरचा प्रश्न नव्हताच, त्याचा प्रश्न पंगतीचा होता. पहिल्या शतकाच्या मध्यावर अंत्युखियाच्या मंडळीत यहुदी आणि यहुदीतर विश्वासणारे एकत्र जेवत. खुद्द पेत्रही त्यांच्यात बसे. यरुशलेमेहून याकोबाकडची काही माणसे आली, तसा पेत्र हळूहळू मागे सरला आणि वेगळा बसू लागला. बाकीचे यहुदी त्याच्यामागे गेले. पौलाचा जिवाभावाचा सोबती बर्णबाही गेला. पौलाने सगळ्यांदेखत पेत्राला तोंडावर धरले. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ही हकिकत आहे, आणि नियमशास्त्रातल्या कर्मांनी कोणी नीतिमान ठरत नाही हे पौलाचे विधान तिला चिकटूनच येते. सुंता, खाण्यापिण्याचे विधी, सण पाळल्यानेच कोणी देवाच्या घरचा होत असेल, तर बाकीचे कायमचे पंगतीबाहेरचे. ख्रिस्तावरच्या विश्वासाने होत असेल, तर वेगळी पंगत मांडायला कोणालाच जागा उरत नाही. पंक्तिभेद पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या आपल्या समाजाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

दाखला म्हणून पौल अब्राहामाला पुढे करतो. उत्पत्तीच्या पुस्तकात पंधराव्या अध्यायात अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला जातो, आणि सुंतेची आज्ञा येते सतराव्यात. नियमशास्त्र तर पौलाच्या हिशेबाने अभिवचनानंतर ४३० वर्षांनी आले. म्हणजे क्रम आधी विश्वास, मग खूण आणि शेवटी नियम असा आहे.

यहुदी धर्म म्हणजे केवळ कर्मकांड आणि पुण्याचा जमाखर्च, हे चित्र ख्रिस्ती प्रवचनकारांनी शतकानुशतके रंगवले आणि ते अन्यायाचे आहे. ई. पी. सँडर्स यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की त्या काळच्या यहुदी लिखाणातही आरंभ देवाच्या निवडीचा, म्हणजे कृपेचाच आहे. आज्ञापालन हा त्या करारात टिकून राहण्याचा मार्ग आहे. तेव्हापासून पौलाचे वाचन बरेच बदलले. कृपेबद्दल एवढे लिहिणाऱ्या ल्यूथरने १५४३ मध्ये यहुद्यांविरुद्ध लिहिलेले पुस्तक वाचताना आजही मान खाली जाते. त्याच्या शिकवणीवर प्रेम करणाऱ्यांनी हे लपवू नये.

आता याकोबाकडे. नव्या करारात ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द एकत्र येतात ते एकाच ठिकाणी, याकोबाच्या पत्रात, आणि तेही नकारार्थी: माणूस कर्मांनी नीतिमान ठरतो, केवळ विश्वासाने नव्हे, असा त्याचा आशय. याकोबही अब्राहामाचेच उदाहरण देतो, पण इसहाकाला वेदीवर ठेवल्याचे. ल्यूथरने १५२२ च्या प्रस्तावनेत या पत्राला गवताचे पत्र म्हटले. मला ते घाईचे वाटते. दोघांचे श्रोते निराळे आहेत. पौल दाराबाहेर ताटकळलेल्यांना आत बोलावतो आहे. याकोब आत बसलेल्यांना विचारतो, की उघड्यानागड्या, उपाशी भावाबहिणीला नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावणारा तुमचा विश्वास कसला? देव एक आहे हे तर भुतेही मानतात.

रोमन कॅथलिक चर्चने उत्तर दिले ते ट्रेंटच्या परिषदेत, १३ जानेवारी १५४७ रोजी. सोळा अध्याय आणि ३३ नियमांचा हा ठराव वाचला की कळते, तो कर्मांची बाजू घेणारा नाही. आरंभ कृपेचा, आणि विश्वास हा तारणाचा पाया व मूळ, हे तो स्वच्छ सांगतो. मतभेद पुढे आहे. नीतिमान ठरवणे म्हणजे निव्वळ निर्णय की माणसाच्या आत होणारे नवीकरणही? ट्रेंट म्हणते दोन्ही; आणि कृपेला माणूस साथ देतो, ती प्रेमातून वाढते, गंभीर पापाने ती गमावतासुद्धा येते. ल्यूथरच्या अनुयायांना वाटे, की अशाने ‘माझी साथ पुरेशी होती का’ हा प्रश्न मागच्या दाराने परत आत येतो.

या वादापायी माणसे देशोधडीला लागली. अखेर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरी, संत अ‍ॅनाच्या चर्चमध्ये, कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या: आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासात देव आपला स्वीकार करतो आणि सत्कृत्यांसाठी आपल्याला सज्ज करतो, असा त्याचा गाभा. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्याही त्यात सामील झाल्या. सगळे मिटले असे नाही, पण एकमेकांना शाप देणे थांबले.

हे सगळे वाचताना मराठी वाचकाला भक्तिमार्ग आठवल्याशिवाय राहणार नाही, आणि आठवावाच. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत माणसाच्या प्रयत्नाचा वाटा किती, यावरून दोन पंथ झाले. एकाचा मर्कटन्याय, म्हणजे पिल्लू आईला घट्ट धरते. दुसऱ्याचा मार्जारन्याय, म्हणजे मांजर पिल्लाला स्वतःच उचलते. जर्मन अभ्यासक रुडॉल्फ ओटो यांनी या विचाराची ख्रिस्ती धर्माशी तुलना करून पुस्तकच लिहिले. कवी नारायण वामन टिळक तर तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे सांगत. साम्य खरे आहे. फरकही खरा आहे. पौलाचा सगळा भार एका ऐतिहासिक घटनेवर आहे, रोमन सुभेदार पिलाताच्या कारकिर्दीत यरुशलेमेबाहेर दिलेल्या एका देहदंडावर. ती घटना काढून घेतली तर त्याच्या युक्तिवादात काही उरत नाही.

या शिकवणीने माणूस ऐतखाऊ होतो का? होऊ शकतो. डीट्रिख बोनहोफर हा लुथरन पाळक १९३७ मध्ये आपल्याच मंडळींना बजावत होता की तुम्ही कृपा स्वस्त करून टाकली. पश्चात्तापावाचून क्षमा वाटत सुटलात. १९४५ च्या एप्रिलमध्ये नाझींनी त्याला फ्लोसेनब्युर्गच्या छळछावणीत फाशी दिले. पण ही स्वस्ताई शिकवणीतच आहे, हे मला पटत नाही. सत्कर्म हा देवाला चुकता करायचा हप्ता राहिला नाही, की ते शेजाऱ्यासाठी मोकळे होते. देवाला आपल्या कर्मांची गरज नाही, शेजाऱ्याला आहे, असा ल्यूथरचा सूर होता. सॅक्सनीतल्या लाइसनिग या लहान गावाने १५२३ मध्ये सार्वजनिक पेटी ठेवून तिच्यातून अनाथ, वृद्ध आणि गरजू यांची सोय करायचे ठरवले, तेव्हा त्या नियमावलीला प्रस्तावना ल्यूथरनेच लिहिली. पूर्वी भिकाऱ्याला दिलेले दान दात्याच्या पुण्यात जमा व्हायचे, त्यामुळे भिकारी असणे सोयीचेच होते. आता गावात कोणी भिकारी राहू नये, असा विचार सुरू झाला.

आपल्याकडे पुण्याच्या हिशेबाकडून भरवशाकडे जाणाऱ्या या प्रवासाची सर्वांत स्वच्छ साक्ष पंडिता रमाबाईंची आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे सगळे कुटुंब घेऊन तीर्थांमागून तीर्थे करीत, पुराणे सांगत हिंडले. जवळचे होते-नव्हते ते दानधर्मात आणि व्रतांत संपले. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण थोड्याथोड्या अंतराने गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास यांनी तरीही व्रतवैकल्ये सोडली नाहीत. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या हिमालयातल्या एका सरोवराची हकिकत सांगतात. त्यात सात तरंगते डोंगर आहेत आणि निष्पाप यात्रेकरूकडे ते चालत येतात, अशी ख्याती होती. पाण्यात मगरी आहेत, उतरू नका, असे पुजाऱ्यांनी बजावले. श्रीनिवास पहाटे कोणाला न सांगता पोहत गेला. ते डोंगर म्हणजे तराफ्यांवर रचलेली दगडमाती आणि लावलेली झाडे निघाली. दक्षिणा मिळाली की मागच्या होडीतला माणूस ते ढकलत असे. रोमचा जिना आणि हे सरोवर, दोन्हीकडे ‘आपण पुरेसे शुद्ध आहोत का’ हे जाणून घेण्याची तीच आस होती.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटिज येथे झाला. पण त्याने ही आस शमली नाही, हे त्या मोकळेपणाने लिहितात. नवा धर्म घेतला, त्याची तत्त्वे पटली, विधी पाळले. तरी मनाला स्वस्थता नव्हती. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. विधवांसाठी त्यांचे झिजणे सगळ्यांना दिसत होते. बाप्तिस्म्याला आठ वर्षे होत आली तेव्हा विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मचरित्र त्यांच्या हाती पडले. कॉर्नवॉलमधला हा गृहस्थ १८५१ मध्ये व्यासपीठावर स्वतःचेच प्रवचन देता देता पालटला होता. रमाबाईंना उमगले की आपल्याला आणखी काही मिळवायचे, व्हायचे, सिद्ध करायचे नाही. आहोत तशा पापी म्हणून यायचे, आणि ख्रिस्ताने केले ते आपल्यासाठी होते यावर भरवसा टाकायचा. स्त्री म्हणून, जात म्हणून, विद्या म्हणून तिथे काहीच मोजले जात नव्हते. विद्वत्तेसाठी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळवलेल्या बाईला ही गोष्ट सोपी गेली नसणार.

त्यानंतर रमाबाईंचे काम थांबले नाही, वाढले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि बाया गोळा करून पुण्याजवळच्या केडगावला घेऊन आल्या, आणि मुक्ती मिशन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळाने त्यात आणखी शेकडोंची भर पडली. आंधळ्या, आजारी, टाकून दिलेल्या, कोणालाही त्यांनी आधी लायकी विचारली नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी ते काम त्यांनी पुरे केले, आणि दोन वर्षांनी ते प्रसिद्ध झाले. रोमकरांस लिहिलेले पौलाचे पत्र त्यात आहे, केडगावच्या नुकत्याच वाचायला शिकलेल्या बाईलाही कळेल अशा बोलीत.